पोहरादेवीला निघालेल्यांना तुमचं संकेतस्थळ वाचता येतं का?

रामनवमीची यात्रा महिन्यावर आली की मानोरा, दिग्रस, पुसद भागातल्या वाचकांकडून एक तक्रार हमखास येते. कुणी गावाबद्दल, कुणी आपल्या तांड्याबद्दल, कुणी भजनी मंडळाबद्दल स्वतःच्या हौसेने वेबसाइट केलेली असते. फोटो भरपूर असतात, माहितीही असते. तरी लोक फोन करून तेच विचारतात: यात्रा किती तारखेला, उतरायचं कुठे, आजीला पायऱ्या चढवतील का. ‘सगळं साइटवर आहे, मग लोक वाचत का नाहीत?’ असा तुमचा प्रश्न असतो.

अशा साइट उघडून पाहिल्या की माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. लोकांना ते वाचता येत नाही. माहिती चित्रात अडकलेली असते, बारीक अक्षरांत असते, भडक रंगात बुडालेली असते किंवा आपोआप सुरू होणाऱ्या भजनाखाली दबलेली असते. यातलं जवळजवळ सगळं तुम्ही स्वतः, पैसे न घालता, पंधरा दिवसांच्या संध्याकाळी बसून दुरुस्त करू शकता.

आधी येणारा माणूस डोळ्यांपुढे आणा

पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचं मंदिर यांच्या दर्शनाला महाराष्ट्राबरोबर तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नंगाऱ्याच्या आकाराची ती इमारत पाहायला निघालेली बाहेरची माणसंही आता माहिती शोधतात.

समाजाची घरची बोली एकच, गोरबोली. तिला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत. म्हणजे निजामाबादकडच्या एखाद्या याडीला, म्हणजे आईला, तुमचं बोलणं सगळं समजेल, पण तुमचं पान वाचता येणार नाही. पोहरादेवीवर लिहिणाऱ्याने ही गोष्ट कायम मनात ठेवायला हवी. पुढच्या सूचनांपैकी निम्म्या तिच्यातूनच निघतात.

तुमच्या पानावर आणखी कोण येतं?

- ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून मजकूर वाचून घेतात
- साठीपुढची माणसं, ज्यांना दिसतं पण बारीक दिसत नाही
- ज्यांना ऐकू येत नाही
- ज्यांचा हात थरथरतो, बोट नेमकं बटणावर पडत नाही
- जुना फोन, तडा गेलेली काच, भर उन्हातला रस्ता आणि यात्रेच्या गर्दीत अडखळणारं नेटवर्क यांच्यासह चालणारा कुणीही

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. चष्मा विसरून आलेले आजोबा त्या आकड्यात नाहीत. त्यांनाही धरा.

फ्लेक्सचा फोटो म्हणजे मजकूर नव्हे

सगळ्यांत मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. कार्यक्रम ठरला की आपण डीटीपीवाल्याकडून पत्रिका किंवा फ्लेक्स करून घेतो, तो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि तोच फोटो साइटवर चढतो. बघणाऱ्याला त्यावर तारीख, वेळ, स्थळ, संपर्क असं सगळं दिसतं. पण फोनच्या लेखी ते रंगांचे ठिपके आहेत. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी सोय, त्या जागी फक्त ‘इमेज’ म्हणते आणि पुढे जाते. फोटोतली अक्षरं मोठी केली तर फाटतात. शोधयंत्रावर कुणी ‘पोहरादेवी यात्रा’ टाकलं तर त्या फोटोच्या पोटातली तारीख त्याच्या हाती लागेल याचा भरवसा नाही. शिवाय ब्राउझरमध्ये पानाचं तेलुगू किंवा कन्नड भाषांतर करून घेण्याची सोय असते. ती फ्लेक्सच्या फोटोला हातही लावत नाही.

उपाय साधा आहे:

1. फ्लेक्सचा फोटो ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या वर तोच मजकूर टाइप करा. तारीख, वार, वर्ष, वेळ, ठिकाण, फोन.
2. पत्रिकेतली मानकऱ्यांची लांबलचक यादी खाली न्या. भाविकाला हवं ते पहिल्या चार ओळींत द्या.
3. तांड्याचा इतिहास, वंशावळ, जुनी कागदपत्रं स्कॅन करून पीडीएफ म्हणून टाकली असतील तर तोही फोटोच समजा. निदान प्रत्येक कागदात काय आहे हे पाच-सहा ओळींत लिहा आणि महत्त्वाचा कागद पूर्ण टाइप करा. वेळ लागेल. एका आठवड्याला एक कागद घेतला तरी चालेल.

टाइप करताना फाँटचा घोळ होतो. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर तुमच्या संगणकावर मराठी दिसतो, पण आत तो रोमन चिन्हांचा ढीग असतो. साइटवर चिकटवला की कुणाला डबे दिसतात, कुणाला अगम्य अक्षरं, आणि स्क्रीन रीडर तर ती चिन्हं जशीच्या तशी वाचत सुटतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. फोनवर तुम्ही जे मराठी टाइप करता ते युनिकोडच असतं. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रफार, वेलांटी आणि विशेषतः ‘ऱ’ इथे ते चुकतात.

हा ‘ऱ’ आपल्या भागात पदोपदी लागतो: वऱ्हाड, मानोऱ्याहून, नंगाऱ्याचा, पायऱ्या. कन्व्हर्टरनंतर त्यांचं ‘वर्हाड’, ‘पायर्या’ होतं. वाचणारा कसंबसं समजून घेईल. यंत्राचा उच्चार मात्र बिघडतो आणि ‘पायऱ्या’ असं शोधणाऱ्याला तुमचं पान सापडेलच असं राहत नाही. मजकूर बदलून झाल्यावर एवढी चार-पाच अक्षरं तरी शोधून हाताने दुरुस्त करा.

गावाचं आणि जिल्ह्याचं नावही एकाच पद्धतीने लिहा आणि पहिल्या पानावर एकदा बाकीची रूपं द्या: पोहरादेवी, पोहरागड, वाशिम, वाशीम. शोधणारा यांतलं कोणतंही टाइप करतो.

पान कोणत्या भाषेत आहे हे यंत्राला सांगा

देवनागरीत मराठी, हिंदी, नेपाळी अशा अनेक भाषा लिहितात. लिपी ओळखली म्हणून भाषा ओळखता येतेच असं नाही. पानाच्या भाषेची नोंद राहून गेली तर फोन तुमचं मराठी हिंदीच्या आवाजात वाचू शकतो. वर्डप्रेस, ब्लॉगर अशा सोयी वापरत असाल तर सेटिंगमध्ये साइटची भाषा ‘मराठी’ निवडा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. कुणाकडून साइट बांधून घेतली असेल तर त्याला सांगा की पानाच्या सुरुवातीच्या खुणेत ‘लँग’ या जागी मराठीचं चिन्ह, ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरं, घाल. एका मिनिटाचं काम आहे.

याचा डोळ्यांनाही फायदा होतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात आणि भाषेची नोंद मराठी असेल तर मराठी वळण दिसतं.

गोरबोलीतल्या ओळींसाठी एक काळजी घ्या. ब्राउझरने पानाचं भाषांतर केलं की तो गोरबोलीलाही मराठी समजून तिचा चुराडा करतो. त्या परिच्छेदाला ‘भाषांतर करू नये’ अशी खूण लावता येते. साइट बांधणाऱ्याला ‘ट्रान्सलेट, नो’ एवढं सांगितलं की त्याला कळेल. खाली मराठीत अर्थ द्या, तो भाषांतरित होऊ द्या. भोग, अरदास, लेंगी (होळीचं गाणं), नायक, कारभारी हे शब्द बाहेरच्याला अनोळखी असतात. पहिल्यांदा येतील तिथेच वाक्याच्या ओघात अर्थ सांगा. शेवटी शब्दसूची देऊ नका. फोनवर खाली जाऊन परत वर यायचा त्रास कुणी घेत नाही.

अक्षर, ओळ आणि रंग

देवनागरीला रोमनपेक्षा जास्त उंची लागते. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, पायमोडकी जोडाक्षरं. इंग्रजीसाठी बेतलेली थीम जशीच्या तशी वापरली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

- मजकुराचा आकार १८ पिक्सेल ठेवा. १६ च्या खाली जाऊ नका.
- दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट.
- मोठ्या पडद्यावर एका ओळीत दहा-बारा शब्द. ओळ भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरू देऊ नका.
- मजकूर डावीकडून सरळ लावा. दोन्ही कडा जुळवायला गेलात तर मराठीच्या लांब शब्दांमुळे मध्ये भगदाडं पडतात.
- अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरका ठसाही टाळा, देवनागरीला तो शोभत नाही आणि वाचायला जड जातो.
- मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, बालू हे फाँट फुकट आहेत. मजकुराला मुक्ता किंवा नोटो घ्या, बालू मथळ्यांपुरता ठेवा.

काही साइटमध्ये दोन बोटांनी पान मोठं करण्याची सोयच बंद केलेली असते. ‘डिझाइन हलतं’ हे त्यामागचं कारण. कमी दिसणाऱ्या माणसाच्या हातातून भिंग काढून घ्यावं तसं हे आहे. तुमच्या साइटवर असं असेल तर आजच काढायला सांगा.

रंगाबद्दल आपल्याकडे आग्रह असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. फेटिया-कांचळी या बंजारा स्त्रियांच्या घागरा-चोळीवरची रंगांची उधळण ज्यांनी पाहिली आहे त्यांना पांढऱ्यावर काळं नीरस वाटणारच. रंग ठेवा, पण कडेला, पट्ट्यांत, चित्रांत. मजकुरामागे नको. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजता येतो. वेबच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत (त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली) त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या ठळक मथळ्याला ३ एवढं गुणोत्तर मागितलं आहे. आपल्या नेहमीच्या जोड्या त्यावर घासून पाहा:

- पांढऱ्यावर केशरी अक्षर: सुमारे २.१. नापास.
- पिवळ्यावर लाल: सुमारे ३.७. फक्त मोठ्या मथळ्याला चालेल.
- पांढऱ्यावर पिवळं: १ च्या जवळपास. जवळजवळ अदृश्य.
- केशरीवर काळं: ९ च्या वर. उत्तम.

म्हणजे केशरी सोडायचा नाही, फक्त उलटा वापरायचा: केशरी पट्टी आणि तिच्यावर काळी अक्षरं. देवळाच्या फोटोवरच मजकूर छापायचा मोह मात्र आवरा. कळसामागच्या आभाळावर अक्षर दिसतं आणि गर्दीवर आलं की हरवतं.

फोटोसोबत काय लिहायचं

प्रत्येक फोटोला एक न दिसणारं वर्णन जोडता येतं. ऑल्ट टेक्स्ट असं त्याचं नाव. फोटो चढवताना ती चौकट समोर येते आणि आपण ती रिकामी सोडून पुढे जातो. ज्याला दिसत नाही त्याला स्क्रीन रीडर तेच वर्णन वाचून दाखवतो. नेटवर्क गेल्याने फोटो उघडला नाही तरी तेच दिसतं.

‘फोटो’, ‘पोहरादेवी १’, ‘सुंदर दृश्य’ असं लिहून काही साधत नाही. त्या फोटोत काय आहे आणि तो तुम्ही का लावला, एवढं एका वाक्यात सांगा. उदाहरणार्थ: ‘मंदिरासमोर तिघे वयस्क नंगारा वाजवत आहेत, भोवती स्त्रिया गोल करून उभ्या.’ कांचळीचा फोटो भरतकाम दाखवायला लावला असेल तर टाके, आरसे, कवड्या यांबद्दल लिहा. घालणारी कुठे उभी आहे ते सांगायची गरज नाही. केवळ शोभेची नक्षी असेल तर चौकट मुद्दाम रिकामी ठेवा, म्हणजे वाचणारा आवाज तिथे अडत नाही.

फोनमधला एक फोटो सहज चार एमबीचा असतो. वीस फोटोंचं पान ८० एमबीचं झालं, आणि यात्रेच्या दिवशी ते कुणाच्याही फोनवर उघडणार नाही. चढवण्याआधी रुंदी १,२०० पिक्सेल करा. फोटो दीडशे-दोनशे केबीत बसतो आणि फरक डोळ्यांना कळत नाही.

भजन, लेंगी आणि बोलका मजकूर

पान उघडताच भजन सुरू होणं ही भक्तीची खूण मानली जाते. पण जो कानाने पान वाचतो त्याच्यासाठी दोन आवाज एकदम सुरू होतात आणि एकही समजत नाही. बंद करायचं बटण तो शोधणार कसा? ते सांगणारा आवाजच भजनाखाली गेलेला असतो. जागतिक निकष सांगतो की तीन सेकंदांहून जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवता आला पाहिजे. मी त्याहून पुढे जाऊन सांगेन: काहीही आपोआप वाजू देऊ नका. ‘भजन ऐका’ असं मोठं बटण द्या, ज्याला ऐकायचं तो दाबेल. सरकणारी पट्टी आणि आपोआप बदलणारे फोटो यांनाही हेच लागू. सावकाश वाचणाऱ्याचं वाक्य पूर्ण होण्याआधीच ओळ निघून जाते.

आवाज तुमच्या साइटचं सर्वांत मोठं बळ होऊ शकतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. गोरबोली तीन लिप्यांत विभागली आहे, पण कानाला ती एक आहे. यात्रेची तारीख, पोहोचायचा मार्ग, मुक्कामाची सोय एवढं दोन मिनिटांत गोरबोलीत बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि पानाच्या वरच ठेवा. तेलंगणातल्या तांड्यावरची जी आजी कोणतीच लिपी वाचत नाही तिच्यापर्यंत तुम्ही पोहोचलात. घरातल्या मोठ्या माणसाकडून बोलून घ्या, सावकाश, पंखा आणि टीव्ही बंद करून.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी याच्या उलट काम करायचं. आवाजात जे आहे ते शब्दांत खाली लिहा. लेंगी किंवा भजन असेल तर बोल देवनागरीत, मराठीत अर्थ, आणि कोण म्हणतं, कोणती वाद्यं आहेत, कोणत्या प्रसंगाला म्हणतात याच्या दोन ओळी. व्हिडिओ असेल तर सबटायटल स्वतः टाइप करा. आपोआप तयार होणारी सबटायटल गोरबोलीवर भरवशाची नाहीत.

पानाची रचना

इथे थोडक्यात आटोपतो, कारण हे सोपं आहे.

- मथळा म्हणजे मोठी ठळक ओळ नव्हे. लिहिण्याच्या खिडकीत ‘हेडिंग’ निवडा. स्क्रीन रीडरवाला मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारतो. नुसतं ठळक केलेलं त्याला सापडत नाही.
- ‘येथे क्लिक करा’ ऐवजी ‘मुक्कामाची माहिती’, ‘भजनांची यादी’ असं लिहा. दुवे एकामागून एक वाचले जातात. दहा वेळा ‘येथे’ ऐकून काय कळणार?
- बटणं बोटभर मोठी आणि एकमेकांपासून सुटी ठेवा.
- फोन नंबर टाइप करा आणि दाबताच लागेल असा दुवा करा. सोबत व्हॉट्सॲपही द्या, बहिऱ्या माणसाला फोनचा उपयोग नाही.
- फक्त रंगावरून काही सांगू नका. ‘लाल तारखा भरलेल्या’ असं असेल तर त्या तारखांपुढे ‘भरलेली’ हा शब्दही हवा.

येणाऱ्याला हवी ती माहिती

पोहरादेवीच्या साइटवर येणारा माणूस बहुतेक वेळा खरोखर पोहरादेवीला येणार असतो. ‘यात्रा रामनवमीला’ एवढं पुरेसं नाही. रामनवमी २०२४ मध्ये १७ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ६ एप्रिलला. तारीख, वार आणि वर्ष तिन्ही लिहा, आणि यात्रा संपली की जुनी तारीख काढा. मागच्या वर्षीच्या तारखेवर तिकीट काढून बसलेलं कुटुंब मी पाहिलं आहे. १५ फेब्रुवारीच्या सेवालाल जयंतीबाबतही वर्ष आणि वार लिहायला विसरू नका.

नकाशाचा दुवा द्या, पण मार्ग शब्दांतही सांगा: रेल्वेने वाशिम, तिथून मानोऱ्याकडे, यवतमाळ बाजूने येणाऱ्यांना दिग्रसवरून. बस कुठे उभी राहते, शेवटची केव्हा असते, हे स्वतः विचारून लिहा आणि कधी विचारलं तेही लिहा.

आणि एक काम घरी बसून होणार नाही. मोजपट्टी आणि वही घेऊन मंदिराच्या आवारात फिरा. पायऱ्या किती, कठडा आहे का, उतार आहे का, चाकाची खुर्ची कुठपर्यंत जाते, बसायला सावली कुठे, स्वच्छतागृहात कमोड आहे का, पिण्याचं पाणी कुठे. संग्रहालयाचंही तसंच. जे आहे ते लिहा, जे नाही तेही लिहा. ‘सर्व सोयी उपलब्ध’ या वाक्यावर विसंबून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. ‘उतार नाही, इतक्या पायऱ्या आहेत’ हे आधी कळलं तर घरचे सोबत एक माणूस जास्त आणतात.

साइट कशावर करावी, आणि कशाला भुलू नये

नव्याने करत असाल तर ब्लॉगर किंवा गूगल साइट्स फुकट आहेत आणि चार पानांच्या माहितीला पुरतात. पुढे गाणी, फोटो, लेख वाढणार असतील तर वर्डप्रेस घ्या. तिथे थीम निवडताना ‘ॲक्सेसिबिलिटी रेडी’ ही चाळणी लावता येते. तिच्यातलीच साधी थीम उचला. ‘डॉट भारत’ हा देवनागरी पत्ता २०१४ पासून मिळतो आणि मनाला भावतो. पण काही ॲपमध्ये तो ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या विचित्र रोमन अक्षरांत दिसतो आणि लोक फसवणूक समजून दाबत नाहीत. घेतलात तर जोडीला साधा रोमन पत्ताही ठेवा.

‘एक ओळ टाका, साइट दिव्यांगांसाठी सुलभ होईल’ अशी जाहिरात करणारी जोडपट्टी विकत घेऊ नका. कोपऱ्यात माणसाचं किंवा चाकाच्या खुर्चीचं चिन्ह येतं, अक्षर मोठं करायचं बटण येतं, पण फ्लेक्सच्या फोटोतला मजकूर फोटोतच राहतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी पट्टी विकणाऱ्या एका कंपनीवर दिशाभूल करणाऱ्या दाव्यांचा ठपका ठेवला, आणि तिला दहा लाख डॉलर मोजावे लागले. तुमचे पैसे टाइप करून देणाऱ्या मुला-मुलीला द्या.

हक्क कोणाचे, जबाबदारी कोणाची

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुलभ व्हावा यासाठी पावलं उचलण्याची जबाबदारी त्याचं कलम ४२ सरकारवर टाकतं. कलम ४६ सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही सुलभतेच्या नियमांत आणतं. तुमचं पान निव्वळ हौसेचं असेल तोवर हा तुमच्या मनाचा प्रश्न आहे. पण त्यावरून खोल्यांचं आरक्षण किंवा भरतकामाची विक्री सुरू केलीत, तर स्वतःला सेवा देणारे समजूनच वागा.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुलभतेचे नियम शिफारशीपुरते असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, अनुच्छेद २१ चा, भाग मानला. एखादं सरकारी संकेतस्थळ तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला वापरता येत नसेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. केंद्र सरकारचं असेल तर दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे. पानाचा पत्ता, तारीख, कोणता फोन, कुठे अडलं, एवढं तक्रारीत असू द्या.

गाणी आणि फोटो टाकताना दुसऱ्यांचेही हक्क असतात. गीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असलं तरी ज्या बाईने ते तुमच्यासमोर म्हटलं, तिच्या सादरीकरणावर कॉपीराइट कायद्यात तिचा हक्क आहे. तिला विचारा, तिचं नाव द्यायचं का तेही विचारा. फोटोतल्या स्त्रियांनाही विचारा. ‘यात्रेत काढला’ ही परवानगी नव्हे. उलट बाजूने, तुमची पुस्तिका एखाद्या संस्थेने अंध वाचकांसाठी ब्रेल किंवा ध्वनिरूपात केली तर त्याला २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात मुभा आहे. अडवू नका, फाइल स्वतःहून द्या.

स्वतः तपासून पाहा

यंत्राची तपासणी फुकट आहे. क्रोम ब्राउझरमधलं लाइटहाउस किंवा वेव्ह नावाचं साधन रंगांचे आणि वर्णनाविना राहिलेल्या फोटोंचे दोष दाखवतं. पण तुमचं वर्णन खरं आहे की ‘फोटो १’ हे त्याला कळत नाही. म्हणून पुढच्या गोष्टी हाताने करा:

1. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा. मग बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की उघडते. सुरू करण्याआधी बंद कसं करायचं ते पाहून ठेवा, पहिल्यांदा गोंधळ उडतो. आता डोळे मिटा आणि यात्रेची तारीख शोधा. मी पहिल्यांदा स्वतःच्याच पानावर हे केलं तेव्हा सात मिनिटं लागली, आणि सापडली ती तारीख चुकीच्या वर्षाची निघाली. संगणकावर एनव्हीडीए हा फुकटचा स्क्रीन रीडर आहे.
2. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने पान फिरून या. कुठे आहात ते दिसत राहिलं पाहिजे.
3. दुपारी बारा वाजता अंगणात उभं राहून फोनवर वाचा.
4. शेजारच्या साठीपुढच्या माणसाच्या हातात फोन द्या, ‘मुक्काम कुठे करायचा ते शोधा’ म्हणा आणि गप्प बसा. बोट कुठे अडतं ते लिहून घ्या.
5. परराज्यातल्या नातेवाइकाला दुवा पाठवून ध्वनिफीत ऐकायला सांगा. बोली कळली का, वेग जास्त होता का, हे विचारा.

एकदम सगळं जमणार नसेल तर फ्लेक्सवरची माहिती टाइप करण्यापासून सुरुवात करा, मग ध्वनिफीत, मग रंग. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी ठेवा: ही माहिती शेवटची कधी तपासली त्याची तारीख, आणि ‘हे पान वाचताना अडचण आली तर या क्रमांकावर फोन करा किंवा संदेश पाठवा, आम्ही वाचून दाखवू’.